कर्णाचे वकीलपत्र

मराठी माणसाने गेल्या सत्तर वर्षांत सर्वांत जास्त वकील कोणाला दिले असतील, तर ते कर्णाला. धर्मराजाकडे कोणी फिरकत नाही, भीमाला जेवणाच्या पंक्तीपुरते आठवतात, अर्जुनाचे नाव घेतले की नाके मुरडली जातात. परंतु कर्णाचे नाव काढा, आणि घरातील इंजिनिअर झालेल्या मुलापासून पेन्शन घेणाऱ्या काकांपर्यंत सर्वांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ऐन दिवाळीत, चिवड्याचा डबा पुढे असताना, या डोळ्यांतल्या पाण्याविषयी वाद घालणे हे काही सभ्यपणाचे लक्षण नव्हे, हे मला कळते. पण दिवाळी अंक उशाशी घेऊन दुपारी आडवे होणारे वाचकच या प्रकरणातील खरे पक्षकार आहेत. तेव्हा फिर्याद त्यांच्यापुढेच मांडली पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जुन्या महाकाव्यावर नवी कादंबरी लिहूच नये, व्यासांच्या अक्षराला हात लावणे हे पाप आहे, असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींत मी नाही. मराठीत ही हातघाई पहिल्यापासून चालू आहे. एकनाथांनी रामायण घेतले आणि त्याचे ‘भावार्थ रामायण’ केले. मुक्तेश्वराने, श्रीधराने, मोरोपंतांनी भारत घेतले आणि आपापल्या काळाच्या कानाला रुचेल असे पुन्हा सांगितले. श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ ज्या घरांत श्रावणात वाचला जाई, त्या घरांत मूळ संस्कृत पोथी क्वचितच असे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा माडगूळकरांनी छप्पन गीतांत रामकथा सांगताना ती एकट्या रामाच्या तोंडी ठेवली नाही. आमच्या नाशिकला जिच्यामुळे नाव मिळाले असे लोक सांगतात, त्या शूर्पणखेलासुद्धा दोन गीते दिली. पुन्हा सांगणे हा आमच्याकडे महाकाव्य जिवंत ठेवण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

आमच्या नाशिकात तर या उद्योगाला विशेष बरकत. ज्या गावात पंचवटी आहे, तपोवन आहे, सीतागुंफेपुढे वाकून आत शिरणाऱ्या यात्रेकरूंची रांग आहे, त्या गावात रामायण हे वाङ्मय नसून पत्ता आहे. रिक्षावाला ‘कुठे जायचे?’ म्हणून विचारतो आणि प्रवासी अरण्यकांडातले नाव सांगतो. अशा गावच्या लेखकांनी पुराणाला हात घातला नसता, तरच नवल. शिरवाडकरांनी 1953 साली ‘कौंतेय’ लिहून कर्णाला मराठी रंगभूमीवर उभे केले. नाशिककर वसंत कानेटकरांनी 1964 साली ‘मत्स्यगंधा’ लिहून एका कोळ्याच्या मुलीला भीष्माच्या प्रतिज्ञेसमोर बोलते केले. दोघांनीही व्यासांची परवानगी मागितली नाही, आणि तशी ती मागायचीही नसते.

मग माझी तक्रार काय? ती अशी, की कर्णावर लिहिल्या गेलेल्या आणि सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या मराठी कादंबऱ्यांनी महाभारत पुन्हा सांगितले नाही. त्यांनी एका आरोपीचे वकीलपत्र घेतले. आणि ज्या गुन्ह्यासाठी तो आरोपी उभा आहे, त्या गुन्ह्याची फिर्यादी बाई या कज्जात हळूहळू बाजूला ढकलली गेली.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली. तिच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. एका तरुण शिक्षकाने एवढा प्रचंड पट उभारावा, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि अखेरीस श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून तो पेलावा, आणि पुस्तक म्हटले की ज्यांना क्रमिक पुस्तकच आठवते त्या घरांतही ते पोचावे, ही लहानसहान कामगिरी नव्हे. 1973 साली रणजित देसाईंचा ‘राधेय’ आला. देसाईंनी आरंभीच मोकळेपणाने सांगून टाकले, की हे कर्णाचे चरित्र नव्हे; आपल्या प्रत्येकाच्या मनात एक कर्ण असतो, तो शोधायला महाभारताची पाने चाळण्याचे कारण नाही. या एका कबुलीत सर्व मर्म आले. आमच्या मनात जो कर्ण दडलेला असतो, तो म्हणजे आमचे राहून गेलेले प्रमोशन, धाकट्या भावाला मिळालेली मोठी खोली, सासरच्या लग्नात न झालेला मानपान. आम्ही सगळेच कोणत्या ना कोणत्या स्वयंवरातून अपमानित होऊन परत आलेले असतो. त्या कर्णासाठी रडताना माणूस फार सुखात रडतो, कारण तो स्वतःसाठी रडत असतो.

आता महाभारताची पाने चाळू. ती चाळण्याची सोय पुण्याने करून ठेवलेली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरच्या पोथ्या गोळा करून, ओळ ओळ ताडून, कोणती ओळ जुनी आणि कोणती मागाहून घुसलेली हे पाहण्याचे ते काम. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याची घडी बसविली. 1943 साली ते गेले, तरी काम थांबले नाही, आणि 1966 साली ते पुरे झाले. म्हणजे ‘मृत्युंजय’ बाहेर पडण्याच्या आदल्याच वर्षी! या दोन तारखा मला नेहमी एकमेकींशेजारी दिसतात. पुण्यातल्या पंडितांनी जवळजवळ अर्धे शतक खपून कर्णाविषयी काय लिहिलेले आहे आणि काय नाही हे ठरविले, आणि मराठी वाचकाने दुसऱ्याच वर्षी ठरविले की आपल्याला त्याची गरज नाही.

त्या आवृत्तीत काय आहे? स्वयंवरात द्रौपदी उभी राहून ‘मी सूताला वरणार नाही’ असे सांगते, आणि कर्ण सूर्याकडे पाहत धनुष्य टाकून देतो, हा जो प्रसंग आमच्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे, तो त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. काही पोथ्यांत आढळणारी मागाहूनची भर म्हणून तो तळटीपांत गेला आहे. ज्या एका वाक्याच्या खुंटीवर कर्णाच्या सर्व कैफियती टांगलेल्या आहेत, ती खुंटीच संशयास्पद आहे. कादंबरीकाराने ती वापरू नये असे मी म्हणणार नाही. कादंबरीकाराला तळटीपेतून पात्र उचलण्याचाही अधिकार आहे. पण द्यूतसभेतला प्रसंग मात्र तळटीपेत नाही. तो सभापर्वाच्या ऐन गाभ्यात आहे, आणि तेथे कर्ण काय करतो ते पाहावे.

द्रौपदीला केस धरून ओढून आणलेले आहे. तिने प्रश्न टाकला आहे: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्म धर्म सूक्ष्म असतो म्हणून घुटमळतात. द्रोण, विदुर, धृतराष्ट्र, कोणाकडून उत्तर येत नाही. आणि मग उठतो कोण? दुर्योधनाचाच सख्खा भाऊ, विकर्ण. शंभरांतला एक. तो सर्व सभेला बजावून सांगतो, की ही जिंकली गेलेली नाही. भर कौरवसभेत, स्वतःच्या थोरल्या भावाच्या तोंडावर! त्याचे तोंड बंद करायला जो उठतो, तो कर्ण. तो विकर्णाला पोरकट ठरवितो. पाच पतींची बायको ही कुलस्त्री नव्हे, वेश्याच, तिला सभेत आणण्यात नवल ते काय, असे म्हणतो. आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरवून घे, असा दुःशासनाला हुकूम करतो. दुःशासनाचा हात मागाहून पुढे होतो. हुकूम आधी सुटलेला असतो, आणि तो कर्णाचा असतो.

कर्णाचा वकील येथे काय म्हणतो? ‘पण त्याआधी तिने त्याचा अपमान केला होता.’ बस्स. एवढाच युक्तिवाद. या युक्तिवादाला माझा सारा विरोध आहे. कारण तो महाभारतापुरता राहत नाही. मला गोदाघाटावर एका व्याख्यानानंतर एक चांगला शिकलेला तरुण भेटला. बोलणे अर्थातच कर्णावर आले. तो अगदी सहजपणे म्हणाला, ‘सर, शेवटी तिनेही थोडे जपून बोलायला हवे होते.’ मुलगा वाईट नव्हता. मला घरापर्यंत सोडायला आला, वाटेत मोटारसायकल फार जपून चालवीत होता. पण ते वाक्य त्याला कोणी शिकविले? त्याच्या आईने नाही, बापाने नाही. ते त्याला आठशे पानांच्या अश्रूंनी शिकविले. मन दुखावले गेले की एखाद्या बाईला भरसभेत उघडे करण्याचा परवाना मिळतो, असे कोणत्याही कादंबरीकाराला म्हणायचे नसते, याविषयी मला शंका नाही. पण कादंबरी एका माणसाच्या छातीत बसून लिहिली, त्याच्या प्रत्येक जखमेचे माप घेतले, आणि दुसऱ्याच्या जखमेला चार ओळी दिल्या, की वाचक तेच घेऊन उठतो.

‘मी’च्या मुखाने सांगितले म्हणून असे होते, असेही नाही. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची. तीही ययाति, देवयानी, शर्मिष्ठा यांच्या मुखांतूनच सांगितलेली आहे. पण खांडेकरांचा ययाति आपल्या वासनेची हकीकत सांगताना स्वतःला सोडीत नाही. मुलाचे तारुण्य मागणारा बाप किती खाली उतरला, हे वाचकाला कळते, कारण ते सांगणाऱ्यालाही कळलेले आहे. पुढे 1974 साली त्या कादंबरीला ज्ञानपीठ मिळाले, त्याचा मला आनंद आहे तो याच कारणासाठी.

आणि गंमत अशी, की व्यासांच्या कर्णालाही ते कळलेले आहे! उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाई फसल्यावर परत निघतो, तेव्हा कर्णाला आपल्या रथावर घेतो आणि त्याच्या जन्माची गोष्ट सांगतो. तू थोरला पांडव, राज्य तुझे, पाचही जण तुझ्या पाया पडतील. या प्रसंगात कर्ण जे बोलतो, त्याच्या तोडीचे भाषण मला जगाच्या वाङ्मयात फारसे आठवत नाही. तो म्हणतो, मला पाहताच राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. तिचा पिंड मी कसा बुडवू? सूतांच्या घरात माझी लग्ने झाली, मुले झाली, नातवंडे झाली. माझे काळीज तिथे बांधलेले आहे. साऱ्या पृथ्वीच्या राज्यासाठी किंवा सोन्याच्या राशींसाठी मी ते तोडणार नाही. आणि ही गोष्ट युधिष्ठिराला सांगू नकोस, नाहीतर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. राजा व्हावा तो युधिष्ठिरच. हा खरा मोठा कर्ण. तो राधेचा आहे. कुंतीने टाकला म्हणून कुढणारा नव्हे. आणि याच भाषणात तो पुढे सांगतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कडू शब्द बोललो, त्या कर्माने आज मी जळतो आहे.

हा पश्चात्ताप व्यासांनी कर्णाला दिलेला आहे. तो एखाद्या आरोपीला साजेसा नव्हे, पुऱ्या माणसाला साजेसा आहे. वकील मात्र आपल्या अशिलाला तो परवडू देत नाहीत. कबुलीजबाब दिला की खटला संपतो ना! कर्ण निर्दोष ठरावा म्हणून इतकी पाने खर्ची पडतात, की त्याच्या हातून घडलेल्या अपराधाला आणि त्या अपराधाच्या जाणिवेला जागाच उरत नाही. मग उरतो तो सुंदर, अन्यायग्रस्त, सोनेरी कवचातला आणि काहीसा कंटाळवाणा वीर. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडून पडलेला दुर्योधन पाहा. त्याला नाटककाराने कोठेही निरपराध ठरविलेले नाही, आणि तरीही लहान दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला येतो तेव्हा प्रेक्षकाच्या घशात आवंढा येतो.

आता कोणी म्हणेल, की ही वरच्या आळीतल्या माणसाची टीका आहे. कर्णाला जात आडवी आली, ते दुःख तुम्हाला काय कळणार? हा आक्षेप पोकळ नाही. रंगभूमीवर द्वंद्वाला उभ्या राहिलेल्या तरुणाला ‘तुझे कुळ सांग’ म्हणणारी व्यवस्था खरी होती आणि तिने कितीतरी कर्ण गिळले. म्हणूनच मी आमच्या गावातला एक दाखला देतो. इतिहासाची काव्याशी तुलना करू नये, हे मला माहीत आहे, तरीही करतो.

2 मार्च 1930 रोजी नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे नेते, आणि दादासाहेब गायकवाड त्याचा येथला कणा. ज्यांना रामाच्या दारात शिवू दिले जात नव्हते, असे हजारो स्त्रीपुरुष त्या पूर्व दरवाज्याकडे गेले. दरवाजे बंद झाले. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगड आले, डोकी फुटली. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. येथे अपमान पिढ्यान्पिढ्यांचा होता. एका स्वयंवरातल्या एका वाक्याचा नव्हे, पाणवठ्याचा, रस्त्याचा, सावलीचा. त्या माणसांनी काय केले? एखाद्या दुर्योधनाकडून अंगदेश घेऊन त्याच्या उष्ट्याला जागण्यासाठी दुसऱ्याच्या बायकोचा पदर ओढा म्हणून हुकूम सोडला नाही. दारात उभे राहिले, दगड खाल्ले, आणि दार उघडत नाही असे दिसल्यावर दुसरे घर बांधायला निघून गेले. ज्यांना कर्णात दलितांचा पूर्वज दिसतो, त्यांनी कर्णपर्वात शल्याशी भांडताना कर्ण मद्र देशाच्या बायकांविषयी आणि तिथल्या जातींच्या सरमिसळीविषयी काय काय बोलतो, तेही एकदा वाचावे. वर्णाची उतरंड त्याला मान्य आहे. आपण चुकीच्या पायरीवर बसविले गेलो, एवढेच त्याचे म्हणणे.

याच्या उलट बाहेर काय चालले आहे, ते पाहण्यासारखे आहे. ग्रीकांचे महाकाव्य म्हणजे ‘इलियड’. ट्रॉयच्या दहा वर्षांच्या वेढ्यातल्या थोड्या दिवसांची गोष्ट. त्यातही एक कर्ण आहे. अकिलीस हा देवीचा मुलगा, अजोड योद्धा, आणि मानी. त्याचा मान दुखावतो तो लुटीत मिळालेल्या ब्रिसेइस नावाच्या एका बाईवरून. राजा ती त्याच्याकडून काढून घेतो आणि हा रुसून तंबूत बसतो. त्या रुसण्यापायी त्याचे स्वतःचे सोबती मरतात. पुढे हेक्टरला मारून तो त्याचे प्रेत रथामागे फरफटत नेतो. होमर यातले काहीही लपवीत नाही, अपमान झाला होता म्हणून माफही करीत नाही. चोवीसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांचे चुंबन घेतो. तेव्हा अकिलीस रडतो, आणि काव्य संपते ते शत्रूच्या अंत्यविधीने.

या काव्यावर अलीकडे पाश्चात्त्यांनी कादंबऱ्यांचा सपाटा लावला आहे. मॅडलिन मिलर या बाईने 2011 साली अकिलीसची गोष्ट त्याचा जिवलग पॅट्रोक्लस याच्या तोंडून सांगितली. ती मला थोडी आमच्यासारखीच वाटते. वीराच्या भोवती ओवाळणी. पण 2018 साली पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेने वेगळी वाट घेतली. तिने विचारले, ती ब्रिसेइस काय म्हणत होती? ‘इलियड’भर जिच्यावरून भांडण पेटले, ती बाई त्या सबंध काव्यात एकदाच बोलते, पॅट्रोक्लसच्या प्रेतावर शोक करताना. बार्करने तिला कादंबरी दिली. ज्याने आपल्या नवऱ्याला आणि भावांना मारले, त्याच्याच बिछान्यावर रात्र काढणाऱ्या बाईला अकिलीस कसा दिसत असेल, हे त्यात आहे. आणि त्याआधी 2005 साली मार्गारेट अ‍ॅटवुडने ‘ओडिसी’ घेतली. युद्धावरून परतलेला ओडिसियस घर साफ करतो, तेव्हा त्याचा मुलगा बारा दासींना एका दोरावर फासावर चढवितो. होमरच्या त्या थोड्याशा ओळी. अ‍ॅटवुडने पेनेलोपीबरोबर त्या बारा जणींना बोलते केले, आणि त्या एकसुराने विचारतात, आमचा गुन्हा काय होता?

हे वाचून मला असूया वाटली, ती कौशल्याची नव्हे. त्या बायांनी दिवा नेला तो काव्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. आम्ही नेला तो सूर्यपुत्राजवळ! ज्याच्या अंगावर जन्मतः सोने आहे, त्याला आम्ही आणखी मुलामा चढविला.

मराठीला हे जमणार नाही, असे नाही. ‘मृत्युंजय’ आली त्याच 1967 साली इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’ आला. चिकित्सक आवृत्ती हाताशी धरून, कोणाचीही भीड न ठेवता बाईंनी भीष्मापासून कृष्णापर्यंत एकेकाला समोर बसविले. खांडववन जाळले त्यात प्राण्यांचे आणि तिथे राहणाऱ्यांचे काय झाले, हे विचारताना कृष्णार्जुनांनाही सोडले नाही. 1968 साली त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण घराघरांतल्या कपाटांत दोन्ही पुस्तके शेजारी उभी असली, तर कोणत्या पुस्तकाची पाने हाताळून मऊ झालेली असतात, हे सांगायला नको. कानडीत भैरप्पांनी 1979 साली ‘पर्व’ लिहिले; उमा कुलकर्णींमुळे ते मराठीत आले. त्यात शाप नाहीत, वर नाहीत, दिव्यास्त्रे नाहीत. युद्ध आहे, आणि युद्धाबरोबर येणारी उपासमार आणि दुर्गंधी आहे. कादंबरी म्हणून हीच खरी हातोटी. महाकाव्याचा चष्मा काढून पाहायचे, आणि जे दिसेल ते सांगायचे.

आणि पाहण्यासारखे किती पडले आहे! विकर्णाचेच घ्या. सभेत तोंड उघडणारा तो एकटा तरुण पुढे भावांच्याच बाजूने लढतो, आणि त्याला मारताना भीमालाही वाईट वाटते. ज्या कर्णाने त्याला गप्प बसविले, तोच कर्ण घोषयात्रेत गंधर्वांनी रथ मोडल्यावर जीव वाचवायला कोणाच्या रथावर उडी मारतो? विकर्णाच्या! व्यासांचा हा विनोद कोणा कादंबरीकाराला का खुणावू नये? सभेत बोलून घरी गेल्यावर त्या रात्री विकर्ण जेवला का, त्याच्या बायकोने त्याला काय म्हटले, दुर्योधनासमोर दुसऱ्या दिवशी तो कसा उभा राहिला? आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य कर्णाचे नसतेच. अन्याय दिसतो, एकदा बोलून पाहतो, कोणी ऐकत नाही, आणि मग आपण त्याच घरात राहतो.

आणि राधा. तिला कादंबरीत बहुधा दाराशी उभी ठेवतात. पोराला ओवाळायला आणि मेल्यावर रडायला. नदीतून वाहत आलेल्या पेटीतले मूल तिने उचलले, आणि मग आयुष्यभर ते मूल कोणाचे याची चौकशी साऱ्या जगाने केली. तिला एकानेही विचारले नाही.

पण मला स्वतःला जी कादंबरी वाचायची आहे, तिचे सामान आदिपर्वात तीनचार श्लोकांत पडलेले आहे. वारणावताचे लाक्षागृह. पांडवांना जाळण्याचा बेत आहे, आणि पांडवांना तो कळलेला आहे. भुयार खणून तयार आहे. निघण्याच्या रात्री कुंती ब्राह्मणभोजन घालते. अन्नाच्या आशेने एक निषाद बाई आपल्या पाच मुलांना घेऊन येते. मायलेकरे पोटभर जेवतात, मद्य पितात, आणि तिथेच मेल्यासारखी झोपी जातात. भीम घराला आग लावतो. सहाही पांडव-माणसे भुयाराने निघून जातात. बंगालीत महाश्वेता देवींनी या बाईच्या बाजूने एक कथा लिहिली. मराठीत या बाईवर आठशे पाने हवीत, अशी माझी इच्छा आहे. तिला पाच मुले होती, हे कुंतीने मोजले होते काय? आग लावण्याआधी भीमाने आत पाहिले होते काय? पुढे बारा वर्षे वनात हिंडताना, आणि नंतर कुरुक्षेत्राच्या आदल्या रात्री, त्यांच्यापैकी एकाच्याही स्वप्नात ती आली होती काय? धर्मराज यक्षाच्या इतक्या प्रश्नांना उत्तरे देतो. हा प्रश्न यक्षानेही विचारला नाही.

सकाळी नगरजनांनी राख उपसली. आत सहा प्रेते सापडली, एक बाई आणि पाच पुरुष. हस्तिनापुराला निरोप गेला; धृतराष्ट्राने मोठा शोक केला आणि यथाविधी उत्तरक्रिया करविली. गंगेच्या पाण्यात उभे राहून सर्व कौरवांनी त्या सहा जणांना तिलांजली दिली, ती कुंतीच्या आणि तिच्या पाच मुलांच्या नावाने. निषाद बाईचे नाव व्यासांनीही दिलेले नाही.